फेंडरची हवा उतरते कुठून, आणि ती थांबवायची कशी

बोट जेट्टीला लावताना बोटीचं अंग आणि धक्का यांच्यामध्ये जो हवा भरलेला लांबट फुगा दाबला जातो, तो फेंडर. मालवणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्या होत्या तोवर याची कुणाला फारशी गरज भासली नाही. ट्रकचा जुना टायर दोराला बांधून बाजूला सोडला की काम भागायचं. आजही मासेमारीच्या बोटींना टायरच दिसतील, आणि जाड लाकडी बोटीला ते चालतातही. पण आता पर्यटनासाठी पांढऱ्या फायबरच्या बोटी आल्यात. त्यांच्या चकचकीत वरच्या थराला टायरचे काळे पट्टे पडतात, आणि ते घासून काढताना थरही झिजतो. म्हणून फायबरच्या बोटीवाल्यांनी हवेचे फेंडर घेतले. पहिला पावसाळा उलटला की त्यातले निम्मे मऊ पडतात. मग कुणी ते तसेच लोंबकळत ठेवतो, कुणी फेकून देतो.

दोन्ही गोष्टी मला बघवत नाहीत. मऊ फेंडर बोटीचं रक्षण करत नाही, तो असल्याचा नुसता भास देतो. आणि फेकलेला फेंडर भरतीबरोबर खाडीत जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. खरं तर हवा उतरलेल्या बहुतेक फेंडरना फार मोठं काही झालेलं नसतं. हा लेख नुकतीच बोट घेतलेल्यांसाठी आहे. हातात कधी पाना धरला नसेल तरी यातलं बरंचसं तुम्हाला जमेल.

माझ्या पहिल्या फेंडरला मी सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि रबराचं ठिगळ लावलं होतं. संध्याकाळपर्यंत ठिगळ अख्खं सुटून हातात आलं. शेजारचे तांडेल काका बघत होते. ते एवढंच म्हणाले, "पयलो वारो खंयसून जाता ता बघ, मगे सोल्यूशन लाय." म्हणजे आधी हवा कुठून जातेय ते बघ, मग सोल्यूशन लाव. मी ज्या जागी ठिगळ लावलं होतं तिथे नुसता ओरखडा होता. हवा जात होती ती व्हॉल्व्हमधून. चुकीच्या जागी, चुकीच्या मालावर, चुकीचा चिकटवणारा पदार्थ. पुढचं सगळं या तीन गोष्टींभोवतीच फिरतं.

हवा खरंच गळतेय का?

भर दुपारी उन्हात तापलेल्या फेंडरमध्ये कडक होईपर्यंत हवा भरली आणि पहाटे येऊन पाहिलं तर तो मऊ लागतो. यात गळती असेलच असं नाही. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. हिशेब सोपा आहे. फेंडरमधली हवा ४५ अंशांवर असताना तुम्ही २ पीएसआय (टायरचा दाब मोजतात तेच एकक) दाब भरला आणि रात्री ती २५ अंशांवर आली, तर दाब जवळपास निम्म्यावर येतो. कुठेही भोक नसताना. फेंडरमधला दाब मुळातच इतका कमी असतो की तापमानातला थोडा फरकही हाताला लगेच कळतो.

म्हणून हवा नेहमी सकाळी, सावलीत भरा. मग फेंडरच्या पोटावर मार्करने एक आडवी रेघ मारा, त्या रेघेवरून सुतळी गुंडाळा, दोन टोकं जिथे भेटतात तिथे सुतळीला गाठ मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला, त्याच रेघेवर तीच सुतळी लावून बघा. सुतळी सैल पडली तर गळती आहे. दोन्ही दिवस सारखी बसली तर फेंडर चांगला आहे, त्याच्या मागे लागू नका. आठवड्याला अर्धा-एक पंप मारावा लागत असेल तर तेवढं सोसावं. जुन्या व्हॉल्व्हमधून इतकी हवा झिरपतेच.

फेंडर कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

बाजारात दिसणारे बहुतेक फेंडर मऊ पीव्हीसीचे, साच्यात ओतलेले, जाड भिंतीचे असतात. काही लांबट आणि दोन्ही टोकांना दोरासाठी कान असलेले, काही मधून आरपार भोक असलेले, तर काही गोल, नारिंगी किंवा लाल चेंडूसारखे. अशा फुगवायच्या प्लास्टिक बोयांची सुरुवात नॉर्वेतल्या ओलेसुंड गावी पॉलिफॉर्म कंपनीने १९५५ साली केली. मच्छीमारांच्या जाळ्यांना तरंगते बोये म्हणून ते आले आणि पुढे बोटींच्या बाजूला लटकले. बोट मच्छीमारीची असो की शौकाची, आज जगभर हीच जात जास्त दिसते.

दुसरी जात कापडी. पॉलिएस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा थर दिलेला असतो. हवा काढली की घडी होते, बोटीत जागा कमी लागते. रबरी डिंगीला, म्हणजे फुगवायच्या छोट्या होडीला, असतो तसा मोठा स्क्रूचा व्हॉल्व्ह याला असतो.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण पहिल्या जातीला तापलेल्या सळईने सांधता येतं आणि दुसरीला नाही. कापडी फेंडरला तापलेली सळई लावली तर आतलं कापड जळून भोक मोठं होतं.

तिसरी जात मोठ्या जहाजांची: काळ्या रबराचे, कधी वर टायरची जाळी असलेले, माणसापेक्षा मोठे. जपानच्या योकोहामा रबर कंपनीने १९५८ साली ते तयार केले, म्हणून बंदरात त्यांना सरसकट 'योकोहामा' म्हणतात. त्यांच्यातला दाब ५० किंवा ८० किलोपास्कल (साधारण ७ किंवा १२ पीएसआय) असतो, म्हणजे आपल्या छोट्या फेंडरच्या दुपटीहून कितीतरी जास्त, आणि तोही प्रचंड आकारमानात. असा एखादा भंगारात स्वस्त मिळाला तरी त्याच्या व्हॉल्व्हला हात लावू नका. तो फुटला तर जीवही जाऊ शकतो. त्याचं काम शिकलेल्या माणसांनीच करावं.

जवळ काय ठेवाल

भांड्याचा साबण आणि रंगाचा ब्रश. पायाचा किंवा हाताचा पंप, आणि चेंडूत हवा भरायची सुई. पाण्यात न जाणारा मार्कर. ग्लिसरीनची छोटी बाटली, ती कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. थोडं सिलिकॉन ग्रीस. १२० किंवा १५० नंबरचा काचकागद. आयसोप्रोपिल अल्कोहोल. मऊ पीव्हीसीसाठीचं व्हिनाइल सिमेंट. सायकलची एक जुनी ट्यूब. आणि शक्य असेल तर एक पूर्ण निकामी झालेला फेंडर. ठिगळासाठी त्याहून चांगला माल बाजारात मिळत नाही. जेट्टीवर चार लोकांना विचारा, कुणाकडे तरी पडलेला असतोच.

पेट्रोलपंपावरच्या किंवा टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरू नका. ती यंत्रं ३०-३५ पीएसआयच्या टायरसाठी असतात. फेंडरला साधारण २ ते ३ पीएसआय पुरतात. त्याच्या अंगावर किंवा वेष्टनावर कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. कॉम्प्रेसरचा हात दोन सेकंद जास्त दाबला गेला की फेंडर कानाजवळ फाटतो, आणि ते फाटणं दुरुस्त होत नाही.

भोक शोधणं

या कामात घाई करू नका. अर्धा दिवस शोधण्यात गेला तरी तो वाया जात नाही.

आधी फेंडर गोड्या पाण्याने खसखसून धुवा. वाळलेलं मीठ बारीक भोकात बसलं तर ते तात्पुरतं बुजतं, मग तुमच्या अंगणात फेंडर टणक राहतो आणि समुद्रात गेल्यावर मीठ विरघळून हवा सोडू लागतो. व्हॉल्व्हच्या खाचेतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा.

मग फेंडर नेहमीपेक्षा किंचित कडक फुगवा. वाटीभर पाण्यात भांड्याचा साबण दाट कालवा, आणि ब्रशने पहिल्यांदा व्हॉल्व्हवर लावा. फक्त व्हॉल्व्हवर. मिनिटभर नुसतं बघत राहा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. बारीक गळतीचे बुडबुडे इतके छोटे असतात की फेसाचा पांढरा ठिपका हळूहळू वाढल्यासारखा दिसतो. तोच शोधायचा आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या दर दहा फेंडरमध्ये सहा-सात तरी इथेच सापडले.

व्हॉल्व्ह निर्दोष निघाला तर दोन्ही टोकांचे कान बघा. दोर जिथे वळतो तिथे प्लास्टिक सतत वाकतं आणि चिरतं. त्यानंतर अंगाकडे या. अंगाचा जो भाग धक्क्याकडे असतो तो आधी. आमच्याकडे जेट्टीच्या खांबांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. भरती-ओहोटीबरोबर बोट वरखाली होते तेव्हा फेंडर त्या कालवांवर तासन्‌तास घासला जातो. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे मोठ्या उधाणाला पाणी ५ मीटरच्या आसपास वरखाली होतं, तिथे हा घास आणखी लांब पडतो. अशी भोकं बहुधा एका उभ्या रेघेत असतात. एक सापडलं की वर-खाली अजून एखादं असेल असं धरूनच चाला.

साबणाने सापडलं नाही तर पाण्यात बुडवून बघा. इथे नवे लोक फसतात. २० सेंटिमीटर जाडीचा आणि ६० सेंटिमीटर लांबीचा फेंडर साधारण १९ लिटरचा असतो, म्हणजे तो पूर्ण बुडवायला जवळजवळ १९ किलोचा जोर सतत लावावा लागतो. ते करू नका. मोठ्या टबात आडवा ठेवा, थोडासा दाबून चतुर्थांश भाग पाण्याखाली न्या, हलणं थांबवा, दोन मिनिटं बघा, मग फिरवा. अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे हाताने पुसून काढा. पुसल्यावर जो त्याच जागी परत येतो, तो गळतीचा.

सापडलेल्या भोकाभोवती मार्करने मोठं वर्तुळ काढा. पुढे काचकागद मारताना भोकाची जागा हरवते. वर्तुळ मोठं असेल तर हरवत नाही.

व्हॉल्व्हची दुरुस्ती

एक सूचना आधीच. व्हॉल्व्हही गळतोय आणि अंगालाही भोक आहे, असं निघालं तर आधी अंगाचं ठिगळ पूर्ण करा आणि व्हॉल्व्ह नंतर हातात घ्या. व्हॉल्व्हला आपण सिलिकॉन ग्रीस लावणार आहोत. त्याचा बोटाला लागलेला अंशही ठिगळाच्या जागी पोहोचला, तर तिथे नंतर काहीच चिकटत नाही.

स्क्रूचा व्हॉल्व्ह असेल तर हवा पूर्ण सोडा आणि स्क्रू बाहेर काढा. आटे आणि खालची बसायची जागा कापसाच्या काडीने स्वच्छ करा. आत बारीक वाळूचा कण सापडला तर निम्मं काम झालं. वॉशर असेल तर बोटांमध्ये वाकवून बघा. चीर दिसली किंवा तो दगडासारखा कडक झाला असेल तर बदला. आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या आणि स्क्रू परत बसवा. तो सरळ जातोय ना, हे पहिल्या दोन फेऱ्यांत हाताने तपासा, मगच स्क्रूड्रायव्हर किंवा नाणं लावा. प्लास्टिकचे आटे आहेत. बसल्यावर आणखी थोडं आवळलं की ते मरतात. आटे थोडे झिजलेले असतील तर नळवाल्यांची पांढरी टेफ्लॉन टेप दीड-दोन वेढे लावून बघा. स्क्रूचं टोक स्वतःकडे धरून वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने द्या, नाहीतर बसवताना टेप गोळा होऊन बाहेर येते.

सुईचा व्हॉल्व्ह, म्हणजे फुटबॉलसारखा रबरी, असेल तर बहुतेक वेळा दोष कोरड्या सुईचा असतो. कोरडी सुई घातली की रबराच्या आतली बारीक चीर फाटते. सुईला ग्लिसरीन लावून सरळ, हळू आत घाला, तीन-चारदा आतबाहेर करा, मग ग्लिसरीनचे दोन थेंब व्हॉल्व्हच्या तोंडावर सोडून तासभर राहू द्या. वाळलेलं रबर पुन्हा ओलसर होतं आणि चीर मिटते. याने थांबलं तर पुढे काही करायची गरज नाही.

नाही थांबलं तर व्हॉल्व्ह बदलायचा. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा घ्या. जवळच्या मापाचा घालून भागवू नका. फेंडरच्या ज्या टोकाला व्हॉल्व्ह आहे तेवढा भाग हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, पीव्हीसी मऊ होतं. जुना व्हॉल्व्ह टोकदार पक्कडीने ओढून काढा. तुटून अर्धा आत पडला तर पडू द्या, आत खुळखुळला तरी बिघडत नाही. भोकाच्या कडेला साबणाचं पाणी लावा आणि नवा व्हॉल्व्ह बोथट काडीने दाबून बसवा. टोकदार वस्तू वापरली तर नव्या व्हॉल्व्हलाच भोक पडेल. फेंडर थंड होऊ द्या, मग हवा भरा.

अंगावरचं भोक: काय लावू नये

लोक घरात जे असेल ते लावतात आणि त्याने पुढची दुरुस्ती अवघड होते. म्हणून आधी हे सांगतो.

पंक्चरचं सोल्यूशन रबरासाठी आहे. ते रबराशी एकजीव होतं, पीव्हीसीच्या अंगात शिरत नाही. वर, मऊ पीव्हीसीमध्ये त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ठिगळ खालून सोडवतं. जुने फेंडर हाताला चिकट लागतात ते यामुळेच.

थेंबभर टाकला की लगेच धरणारा झटपट गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. फेंडर दाबला की तो तडकतो. नळाची गळती बुजवायची दोन रंगांची इपॉक्सी पुट्टीही तशीच कडक. नळजोडणीचं पीव्हीसी सोल्यूशन नावाने जवळचं वाटतं, पण ते कडक पाइपसाठी बनवलेलं आहे आणि त्याचा थरही कडकच होतो. मऊ अंगावर ते काही दिवस धरतं आणि मग कडेने चिरतं.

सगळ्यात वाईट म्हणजे बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन. ते स्वतः नीट धरत नाही आणि जाताना अशी पातळ फिल्म ठेवून जातं की नंतर योग्य सिमेंटही तिथे बसत नाही. आधीच्या मालकाने सिलिकॉन लावलेला फेंडर हाती आला तर ब्लेडने खरवडून, काचकागदाने खालचा ताजा थर दिसेपर्यंत घासा. दुसरा इलाज नाही.

ठिगळ लावणं

दोन्ही जातींच्या फेंडरला हीच पद्धत चालते, आणि नव्या माणसाने हीच आधी शिकावी.

दिवस कोरडा निवडा. दमट हवेत सिमेंटमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि थर पांढुरका पडतो. तो जोड कच्चाच राहतो. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळची दहानंतरची वेळ उत्तम. जून ते सप्टेंबर हे काम टाळाच. काम उघड्यावर, वाऱ्याची झुळूक असेल तिथे करा. व्हिनाइल सिमेंटची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते, म्हणून जवळ विडी-सिगारेट, स्टोव्ह, चालू इंजिन काही नको. बोटीच्या केबिनमध्ये तर कधीच नाही.

हवा सोडा आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवा. जाड फेंडर हवा नसतानाही आपला गोल आकार धरून राहतो, ते सोयीचं पडतं. ठिगळ गोल कापा, चौकोनी नको, कारण ठिगळ कोपऱ्यांतून उचकटायला सुरुवात होते. भोकाच्या सगळ्या बाजूंनी किमान ३ सेंटिमीटर माल पुढे यायला हवा, कापडी फेंडरला ५. ठिगळाची कड काचकागदाने उतरती घासा.

ठिगळाची आतली बाजू आणि फेंडरचं अंग, दोन्ही काचकागदाने घासा. चमक पूर्ण गेली पाहिजे. कापडी फेंडरला हलक्या हाताने, आतलं कापड दिसता कामा नये. मग स्वच्छ कापडावर अल्कोहोल घेऊन पुसा. कापड एकाच दिशेने फिरवा आणि प्रत्येक वेळी त्याची नवी बाजू वापरा. पुढेमागे चोळलं तर तेच तेल परत पसरतं. पुसल्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. हा एक नियम पाळला नाही म्हणून मी माझी स्वतःची कितीतरी ठिगळं सुटताना पाहिली आहेत.

सिमेंटचा पातळ हात दोन्ही बाजूंना द्या. तो वाळू द्या. दुसरा पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, म्हणजे बोटाची पाठ टेकवली तर चिकट लागेल पण बोटाला माल येणार नाही. आता ठिगळ मधून टेकवत कडांकडे न्या. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी मार्करने कडेची खूण केलेली बरी. जुनं लाटणं घेऊन मधून बाहेर दाबत फिरवा, आतली हवा निघून जाते. वर पॉलिथिनचा तुकडा ठेवा, आणि त्यावरून सायकलची जुनी ट्यूब ताणून घट्ट वेढे द्या. गोल अंगावर सगळीकडे सारखा दाब देण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. पॉलिथिन मध्ये हवंच, नाहीतर ट्यूबचा काळा रंग फेंडरला लागतो आणि जास्तीचं सिमेंट ट्यूबला चिकटतं.

२४ तास तसंच ठेवा. हवेत ओल असेल तर ४८. मधेच उचलून बघायचा मोह टाळा.

कापडी फेंडरचा तुकडा त्याच्यासोबत आलेल्या दुरुस्तीच्या पुडीत असतो, तो जपून ठेवा. दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन गोंद कापडी फेंडरला व्हिनाइल सिमेंटपेक्षा जास्त टिकतो, पण तो ओलाव्याला आणखी हळवा असतो आणि मिसळल्यावर थोडाच वेळ मिळतो. पाचशे ग्रॅमचा डबा फोडून दोन ग्रॅम वापरण्यापेक्षा जेट्टीवरचे तीन-चार जण मिळून एकाच सकाळी हे काम काढा.

उष्णतेने सांधणं

हे फक्त साच्यातल्या जाड पीव्हीसी फेंडरसाठी, आणि फक्त टाचणीच्या टोकाएवढ्या भोकासाठी किंवा एखाद-दोन सेंटिमीटरच्या चिरेसाठी. मऊ पीव्हीसी तापवलं की वितळतं आणि थंड झालं की पुन्हा तसंच होतं, त्यामुळे नीट जमलं तर हा जोड ठिगळापेक्षा भक्कम असतो. पण हात बसायला वेळ लागतो. पहिले दहा जोड निकामी फेंडरवरच करा.

तापमान कमी-जास्त करता येणारी सोल्डरिंगची सळई घ्या, चपट्या टोकाची. साधी सळई पीव्हीसीसाठी फार गरम असते. २०० अंशांच्या आसपास सुरुवात करा आणि माल मेणासारखा हलेल तेवढंच वर न्या. धूर निघाला, माल तपकिरी पडला की ताप जास्त झाला. तो धूर हायड्रोक्लोरिक आम्लाचा असतो, नाका-डोळ्यांना झोंबतो आणि फुप्फुसाला इजा करतो. काम उघड्यावर करा, वारा पाठीकडून येऊ द्या. आणि ज्या दिवशी सिमेंट उघडलंय त्या दिवशी सळई लावू नका. ती वाफ आणि ही सळई एका जागी यायला नकोत.

हवा पूर्ण सोडलेली आणि व्हॉल्व्ह उघडा, हे पुन्हा तपासा. आत दाब असेल तर मऊ झालेली जागा फुगून फुटते. निकामी फेंडरमधून काडीपेटीच्या काडीएवढी पट्टी कापा. चिरेच्या दोन्ही कडा सळईने हलक्या वितळवा, पट्टी त्यात दाबत आणि वितळवत पुढे सरका. वरून सळईचं चपटं टोक फिरवून जागा सपाट करा. पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका. वर आलेला उंचवटा नंतर काचकागदाने उतरवा, नाहीतर तोच बोटीच्या अंगाला घासेल.

तपासणी

आधी निम्मी हवा भरा. साबण लावा. काही दिसलं नाही तर पूर्ण भरा, पुन्हा साबण लावा, मग सुतळीची खूण घालून सावलीत २४ तास ठेवा. अंगठ्याने जोरात दाबलं तर थोडा खळगा पडायला हवा. दगडासारखा टणक फेंडर बोटीला धक्का पचवू देत नाही, उलट परत फेकतो, आणि सगळा ताण कानावर येतो.

ज्यांना दुरुस्त करू नये

दोराचा कान फाटला असेल तर तो चिकटवून त्यावर भार टाकू नका. दुसऱ्या टोकाचा कान चांगला असेल तर फेंडर उलटा टांगा. तोही गेला असेल तर फेंडरला दोराच्या जाळीत घालून वापरा. कापडी फेंडरची शिवण लांबवर सुटली असेल तर ते रबरी बोटी दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. आणि अंगभर बारीक भेगांचं जाळं पडलं असेल, वाकवल्यावर त्या उघडत असतील, तर माल म्हातारा झालाय. एक भोक बुजवलं तर शेजारी दुसरं पडेल.

काही जण भोकातून फुगणारा फोम आत भरतात. काही महिने तो फेंडर टणक राहतो. मग फोम पाणी पितो, फेंडर जड होतो, आणि भरतीच्या लाटेत तो फायबरवर हातोड्यासारखा आपटतो. हे मी करू देणार नाही.

पावसाळ्यात

पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी काही आठवडे बंद असते. किल्ल्याच्या फेऱ्या आणि इतर पर्यटनाच्या बोटीही पावसाळ्यात वर ओढलेल्या असतात. बोट वर घेतली की फेंडर काढा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. निम्मी हवा सोडा, म्हणजे आकार राहतो आणि व्हॉल्व्हवर ताण येत नाही. सावलीत टांगून ठेवा. फरशीवर एकावर एक रचले तर मऊ पीव्हीसी एकमेकांना चिकटतं. पेट्रोल-डिझेलचे कॅन आणि रंगाचे डबे त्याच खोलीत असतील तर फेंडर दूर ठेवा.

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात उतरवायच्या आधी आठवडाभर सगळे फेंडर फुगवून सुतळीची परीक्षा घ्या. जे गळतील त्यांच्यावर खडूने नाही, मार्करने तारीख लिहा आणि बाजूला ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या कोरड्या रविवारी त्यांचं काम काढता येईल. निकामी निघालेले कापून त्यांच्या तळहाताएवढ्या चकत्या आणि पट्ट्या करा. उरलेल्या नळकांड्या उभ्या चिरून, दोर धक्क्याच्या कडेला घासतो तिथे दोराभोवती गुंडाळा.